एक्स्टेंड करू का?

विमलकाकूंना इंग्रजी येत नव्हतं असं म्हटलं तर तो अन्याय होईल. त्यांना ट्रंक कॉलचं इंग्रजी येत होतं. परतवाड्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून त्यांनी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. त्या खुर्चीवर जी पंधरा-वीस वाक्यं लागत, तेवढ्या भांडवलावर त्यांनी अख्खं डब्लिन निभावून नेलं. नातवाला बघायला नर्स आली आणि आईची चौकशी करू लागली, की काकू सांगत, "पार्टी स्लीपिंग. होल्ड ऑन." नर्स बिचारी होल्ड करी. आणि कुणी नको इतका वेळ बोलत बसलं, की मनगटावर दोन बोटं टेकवून म्हणत, "थ्री मिनिट्स ओव्हर!" हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा माझ्या वाट्याला आलं. मी पुण्याची. आम्हाला सांगायची सवय जास्त, ऐकायची कमी.

ही २००४ च्या आसपासची गोष्ट. आम्ही डब्लिनच्या पश्चिम टोकाला ओंगारला राहत होतो. घरं नवी कोरी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी सारखी. माझा नवरा आणि काकूंचा मुलगा नितीन एकाच ऑफिसात. ऑफिस चेरीवूडला, म्हणजे शहराच्या नेमक्या उलट्या टोकाला. दोघं साडेसातला एका गाडीतून जायचे आणि सातला परत यायचे. नवऱ्याच्या परमिटवर आलेल्या बायकांना तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. पुण्यात कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी मी ओंगारमध्ये दिवसभर घर पुसायची आणि खिडकीतून रस्ता बघायची.

त्याच खिडकीतून मला काकू पहिल्यांदा दिसल्या. नऊवारी नाही, पण नीट नेसलेली सुती पाचवारी, वर नितीनचं जाकीट, पायात मोजे आणि कडेवर दोन महिन्यांचा नातू. बंद दारासमोर त्या अशा उभ्या होत्या, की जणू दारानंच त्यांच्याशी काही वाकडं केलंय. कचरा टाकायला बाहेर पडल्या, दार मागे लागलं आणि आपोआप कुलूपबंद झालं. सून स्वाती दवाखान्यात गेलेली. मी त्यांना घरात घेतलं, चहा केला. चहाला त्यांनी हात लावला नाही. आधी विचारलं, "बाहेरून आपल्याच घरात जाता येत नाही, असं दार कोणं बनवलं जी?"

दुसऱ्या दिवसापासून त्या बाहेर पडताना दारात चप्पल अडकवून ठेवू लागल्या. नितीनला ते आवडेना. थंडी आत येते, चोर येईल, शेजारी काय म्हणतील. त्यानं फ्रीजवर मराठीत एक कागद लावला: दार उघडं ठेवू नये. कोणी आलं तरी उघडू नये. एकटीनं बाहेर जाऊ नये. काकूंनी तो वाचला आणि मला म्हणाल्या, "एक्स्चेंजमध्ये बी असाच कागद असे. पण तो सायबानं लावला असे, पोरानं नाही."

नितीन वाईट मुलगा नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. बाप लवकर गेलेला, एकुलता एक. आई म्हणजे त्याचा जीव की प्राण. फक्त आईला काय हवंय ते आपल्याला आईपेक्षा जास्त कळतं, अशी त्याची ठाम समजूत होती. तीन महिन्यांसाठी आलेल्या आईचा व्हिसा त्यानं परस्पर आणखी तीन महिने वाढवून आणला. पेढे द्यावेत तशा थाटात त्यानं ती बातमी आमच्या घरी जेवताना सांगितली. काकू पोळी वाढत होत्या. त्या वाढत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि एकदम सुरू झाल्या.

"तीन मिनिटं झाले का आम्ही मधात बोलत जाओ. तीन मिनिट झाले, एक्स्टेंड करू का? पार्टी हो म्हणे तर पुढचे तीन मिनिट. नाही म्हणे तर लाइन बंद. कलेक्टर असो का कापसाचा दलाल असो, विचारल्याशिवाय मी कोणाचं एक मिनिट वाढवलं नाही. अन् ह्या पोरानं माहे तीन महिने वाढवले. मले विचारलं?"

"पण काकू, तिथं आता कोण आहे तुमचं? नितीन इथं, नातू इथं."

"तिथं कोण आहे म्हणजे?" त्यांनी माझ्याकडे खरोखर आश्चर्यानं पाहिलं. "तिथं मी आहो ना!"

त्यांना परत जायचं होतं. कुणी आजारी नव्हतं, कोर्टकचेरी नव्हती, कुणाचं लग्न नव्हतं. दोन खोल्या, ओसरी, मागं लिंबाचं झाड, शेजारणीशी रोजची बाचाबाची आणि संध्याकाळी पाचला जुन्या एक्स्चेंजच्या तिघी मैत्रिणी. स्वतःच्या घरी स्वतः राहायचं होतं, बस्स. एवढं साधं कारण कुणाला कारण वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही.

पासपोर्ट कुठं आहे म्हणून त्यांनी एकदा सुनेला विचारलं. स्वातीच्या बोलण्यात आयरिश शब्द घुसले होते. कपाटाला तिथं 'प्रेस' म्हणतात, तशी तीही म्हणे. ती घाईत म्हणाली, "आहे ना आई, प्रेसमध्ये." काकू धावत माझ्याकडे. "माय वं! पासपोर्ट प्रेस कराले देला म्हणते! जळन ना तो!" विदर्भात प्रेस म्हणजे इस्त्री. मी हसून हसून बेजार झाले. त्यांना खुलासा केल्यावर त्याही हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "म्हणजे कपाटात आहे. अन् कपाटाची चाबी?" चावी नितीनकडे होती.

त्याच सुमारास नितीननं मला एक काम सांगितलं. आईला करमत नाही, तुम्ही तिला जरा बसनं शहरात फिरवून आणत जा, तिचं मन रमेल. आणि जाता जाता, गाडीचं दार लावता लावता, आणखी एक गोष्ट सांगितली. परतवाड्याचं घर त्यानं काकाच्या हातून भाड्यानं दिलं होतं. बँकेतला माणूस, बायको, दोन मुलं. अकरा महिन्यांचा करार. "आईला अजून बोललो नाही. ती इथं रुळली की सांगेन. तुम्ही बोलू नका, प्लीज." मी बोलणार नाही म्हणाले. कुणाच्या घरच्या भानगडीत पडू नये, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. सोयीच्या वेळी ते बरं आठवतं.

आणि मग आमच्या बसच्या वाऱ्या सुरू झाल्या.

ओंगारहून शहरात जायला एकोणचाळीस नंबर. कपाळावर शहराचं नाव नाही, आयरिश भाषेत 'अन लार' अशी पाटी. म्हणजे शहराचा मधला भाग. काकूंनी डब्लिनचं नावच 'लार' ठेवलं. "लारले केव्हा जाचं?" म्हणून त्या साडेनऊपासून तयार. बस आपणहून थांबत नाही, हात करावा लागतो, हे त्यांना फार आवडलं. आपल्या एसटीची चाल इथपर्यंत आली म्हणाल्या. भाडं मात्र मोजकं नाण्यांत द्यायचं, नोट चालत नाही, आणि पुढचा स्टॉप कोणता ते कुणी सांगत नाही. बाहेर बघत राहायचं आणि ओळखून घंटी दाबायची. पहिल्या दिवशी मी शिकवत होते. तिसऱ्या दिवशी त्या मला शिकवू लागल्या. दोन सारख्या चर्चमधला फरक, ब्लँचर्ड्सटाउनचा वळसा, नॅव्हन रोडवरचा पिवळ्या दाराचा दवाखाना, सगळं पाठ. "अठ्ठावीस वर्षं नंबरं पाठ केले, चर्च काय चीज आहे."

उतरणारा प्रत्येक माणूस ड्रायव्हरला 'थँक्स' म्हणून उतरतो, ही त्या शहराची रीत. म्हातारे, शाळकरी पोरं, कानात वायरी घातलेली मुलंसुद्धा. काकूंना ती रीत मनापासून पटली, पण नुसतं थँक्स त्यांना कोरडं वाटे. कुणाकडून निघताना आपण काय म्हणतो? त्यांच्याकडे बायकाही 'येतो' म्हणतात. त्यांनी मनात भाषांतर केलं, आणि एके दिवशी ओ'कॉनेल स्ट्रीटला उतरताना ड्रायव्हरकडे बघून, मान लववून म्हणाल्या, "आय कम."

ड्रायव्हर थांबला. बाई येते म्हणालीय, येईल. काकू फुटपाथवर उतरून उभ्या, कारण गाडी हलण्याआधी पाठ फिरवणं बरं दिसत नाही. मी बाबागाडी सांभाळत त्यांच्या शेजारी. दार उघडं. ड्रायव्हर काकूंकडे बघतोय, काकू ड्रायव्हरकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर कमालीची सभ्यता. मागं दोन बसा येऊन लागल्या. आतले प्रवासी माना काढून बघू लागले. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "आर यू कमिंग ऑर आर यू गोइंग, मिसेस?"

"आय कम," काकू म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

मी मध्ये पडले. माझ्या शुद्ध इंग्रजीत त्याला समजावलं की आमच्याकडे जाताना 'जाते' म्हणत नाहीत, अशुभ मानतात, 'येते' म्हणतात. तो जाड्या भुवयांचा माणूस क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, माझी आजी असती तर तिला हे पटलं असतं. मग दार लावून निघून गेला. काकू माझ्यावरच उखडल्या. "त्याले काय समजावून राहिली? जातो असं म्हणते का कोणी? जातो म्हणून माणूस मसणात जाते."

पुढं त्या रूटवरच्या दोघा-तिघा ड्रायव्हरांना ही बाई ठाऊक झाली. उतरताना ते आपणहून विचारायचे, "यू कमिंग?" आणि काकू हात जोडून म्हणायच्या, "आय कम, आय कम." घरी चावी नसलेली ही बाई बसमध्ये मात्र मालकिणीसारखी बसे. मला वाटलं, रुळल्या. नितीनलाही तसंच सांगितलं. तो खूश झाला आणि व्हिसा आणखी वाढवायचे कागद जमवायला लागला.

मग एका मंगळवारी सकाळी काकू बाळाला घेऊन माझ्या दारात. स्वातीचं परमिट स्वतःचं होतं; रजा संपवून ती कामावर रुजू झालेली. "दोन घंटे याले ठेव. लारले जाऊन येतो."

"एकट्या?"

"तू शिकवलं ना?"

मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! आपली विद्यार्थिनी पहिल्या वर्गात आली असं वाटलं. मी त्यांना स्टॉपपर्यंत सोडायलाही गेले नाही. बाळाला मांडीवर घेऊन खिडकीत बसले. दोन तासांचे चार तास झाले. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. नितीनला फोन करू की नको, करू की नको, असं करत असताना त्या कोपऱ्यावरून येताना दिसल्या. हातात लांबट पाकीट. विमान कंपनीच्या ऑफिसात जाऊन, रांगेत उभं राहून, आपल्या परतीच्या तिकिटाची तारीख त्या ठरवून आल्या होत्या. तीन आठवडे पुढची.

"इंग्रजी कसं बोललात?"

"त्यात काय? तिकीट ठेवलं. म्हणलं, 'कट द लाइन. नो एक्स्टेंड.' समजलं तिले."

तीन आठवडे का, तर तेवढ्यात स्वातीला बाळासाठी पाळणाघर शोधता यावं म्हणून. त्यांनी सगळ्यांचा विचार केला होता. पण एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती आणि मला होती. तेव्हा सांगता आलं असतं. बाळ झोपलेलं, घरात आम्ही दोघीच. मी म्हणाले, "चहा टाकते."

संध्याकाळी त्यांनीच आम्हाला जेवायला बोलावलं, सगळ्यांसमोर एकदाच सांगायचं म्हणून. नितीननं तिकीट पाहिलं. आधी हसला, मग चिडला, मग समजुतीच्या सुरात आला. तिथं कोण आहे, आई? त्यांनी मला दिलेलं उत्तर त्यालाही दिलं. तेव्हा त्यानं भिंतीकडे बघत सांगून टाकलं. घरात भाडेकरू आहेत. अकरा महिन्यांचा करार. तुझं सामान मागच्या खोलीत नीट रचून ठेवलंय. तुझ्या चांगल्यासाठीच केलं, नाहीतर तू इथं मन लावलं नसतंस.

काकू खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "लिंबाले पाणी कोण देऊन राहिलं?" नितीनला ठाऊक नव्हतं. त्यांनी नजर फिरवली ती थेट माझ्यावर. "तुले माहीत होतं का, पुनेवाले?"

"नाही," मी म्हणाले. माझा नवरा ताटाकडे बघत राहिला.

पुढचे तीन आठवडे त्या कुठं बाहेर पडल्या नाहीत. बसचं नाव काढलं नाही. कचरा टाकायला जाताना दारात चप्पलही अडकवेनात. दार मागे लागलं तर लागू दे, अशा बसून राहत. नितीनला वाटलं, विचार बदलला. मलाही, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं. त्या राहिल्या असत्या तर माझं खोटं पचलं असतं. निघायच्या आदल्या दिवशी नितीन आईला म्हणाला की उद्या दुपारपर्यंत माझी मीटिंग आहे, विमानतळावर सोडायला जमणार नाही, आपण तारीख पुढं ढकलू. काकू म्हणाल्या, "बस आहे ना." तेव्हा स्वाती उठली. नितीनच्या जाकिटातून चावी काढली, कपाट उघडलं आणि पासपोर्ट सासूच्या हातात आणून दिला. त्या घरात सहा महिन्यांत मी स्वातीला इतकं ठाम काही करताना पाहिलं नव्हतं.

परतवाड्याला पोचल्यावर काय झालं ते मला पुढं स्वातीकडूनच कळलं. काकूंनी आपल्याच दाराची कडी वाजवली. भाडेकरणीनं दार उघडलं. काकू म्हणाल्या, "मी या घरची पाहुनी. करार संपेस्तोवर राहीन." मागच्या खोलीतलं सामान सरकवून काकूंनी तिथं बाज टाकली आणि उरलेले आठ महिने तिथंच काढले. भाडेकरूच्या पोरांची उजळणीही घेतली म्हणे. नितीननं वर्षभर फोनवर आईशी धड बोलणं केलं नाही. आम्ही तोवर डब्लिन सोडून गॉलवे शहरात राहायला गेलो होतो, आणि काकूंची माझी पुन्हा भेट झाली नाही. फोन करायला हवा होता. केला नाही.

काकू डब्लिनहून निघाल्या त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. एकोणचाळीसनं शहरात, आणि तिथून विमानतळाची बस. ओ'कॉनेल स्ट्रीटला वारा सुटला होता. बॅग दोघींच्या मध्ये. बस यायला दहा मिनिटं होती. त्यांनी पदर कानावरून घट्ट घेतला आणि समोर रस्त्याकडे बघत विचारलं, "त्या दिवशी तू खोटं बोलली नं?"

"हो."

"कवापासून माहीत होतं?"

"बसनं फिरायला लागलो, त्याच्या आधीपासून."

त्या मान हलवत राहिल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"अठ्ठावीस वर्षं लोकाईच्या लायनीवर बसली मी. सारं ऐकू येत जाय. कोणाच्या घरी काय चाललं, कोण कोणाले फसवून राहिला, सारं. अन् बोलाचं नाही, हा नियम. मी कधी बोलली नाही. पण ज्याच्या घरची वाईट खबर असे ना, त्याले मी रांग मोडून आधी लाइन देत जाओ. साहेब बोंबलला तरी. त्याले निघाले वेळ भेटला पाहिजे म्हणून." मग माझ्याकडे वळल्या. "तू मले लाइन नाही देल्ली."

बस आली. ड्रायव्हरनं खाली उतरून बॅग चढवली. त्यांनी मोजून ठेवलेली नाणी टाकली, तिकीट फाडून घेतलं, ते नीट पाकिटात ठेवलं आणि माझ्या बाजूच्याच खिडकीशी बसल्या. काचेपलीकडे त्या एवढ्या जवळ होत्या की काच नसती तर हात लागला असता. मी काचेवर टकटक केली. त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली, पदर खांद्यावर नीट घेतला आणि समोर बघत राहिल्या. बस निघाली, पुलाकडे वळली आणि दिसेनाशी झाली, तोपर्यंत मी तिथंच उभी होते. त्यांनी मान वळवली नाही.